ट्रंपेटला मागच्या रांगेतून पुढे आणा : मैफली ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबई, पुणे आणि गोव्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली ठरवणाऱ्या, त्यांना सभागृह आणि पैसा पुरवणाऱ्या आणि हे संगीत शिकवणाऱ्या सर्व संस्थांना,

स. न. वि. वि.

येत्या हंगामातल्या एका मैफलीत हायडनचा ट्रंपेट कॉन्चेर्टो, म्हणजे एकल ट्रंपेट आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना, वाजणार होता. तो काढून त्या जागी व्हायोलिनचा कॉन्चेर्टो घेतला गेला. कारण तोंडी कळलं ते असं : ट्रंपेट हे साथीचं वाद्य, त्याला मध्यभागी कोण ऐकणार, आणि त्याच्यासाठी लिहिलेलं असं आहेच काय. संस्थेचं नाव आम्ही घेत नाही, कारण हे मत तिच्या एकटीचं नाही. थोड्याफार फरकाने तेच उत्तर आम्हाला वेगवेगळ्या दारांवर मिळालं आहे. म्हणून हे पत्र उघडपणे, सगळ्यांना.

आम्ही ट्रंपेट वाजवणारी, शिकवणारी आणि ऐकणारी माणसं आहोत. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना हायडनचा पहिला भाग पियानोच्या साथीने पाठ असतो, कारण परदेशी मंडळांच्या वरच्या परीक्षांना तो लागतो. पण पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून तो कुणी वाजवताना त्यांनी पाहिलेलं नसतं. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलावर ही पाळी येत नाही.

पहिली तक्रार : ‘साथीचं वाद्य’ ही समजूत. ती आधी तपासू या, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं.

अठराव्या शतकातल्या ट्रंपेटला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हते. डी स्वराचा ट्रंपेट म्हणजे साधारण सव्वादोन मीटर लांबीची, गुंडाळलेली धातूची नळी. तिच्यातून फक्त मूळ स्वराचे उपस्वर निघतात. आपल्याकडे तानपुरा लावताना खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पाचवा उपस्वर. त्याच माळेत आठव्याच्या वर गेलं की स्वर इतके जवळ येतात की सलग सप्तक मिळतं. त्यातही अकरावा आणि तेरावा बेसूर पडतात, ते ओठांनी ओढून सुरात आणावे लागतात. बाख, टेलेमान आणि बोलोन्यातला तोरेल्ली यांनी ट्रंपेटसाठी जे लिहिलं ते या वरच्या पट्टीत. बाखच्या १७२१ मध्ये अर्पण केलेल्या दुसऱ्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टोत ट्रंपेट बासरी, ओबो आणि व्हायोलिनच्या बरोबरीने एकल वाद्य आहे. मधल्या संथ भागात तो पूर्ण गप्प असतो आणि लगेच तिसऱ्या भागाचा फ्यूग (एकच विषय एकामागून एक वाद्यं उचलतात तो प्रकार) त्यालाच एकट्याने सुरू करायचा असतो. वादकाच्या ओठांना विसावा कुठे द्यायचा आणि तो दिल्यावर त्याच्याकडून काय मागायचं, हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. साथीच्या वाद्याला कुणी अशी जागा देत नाही.

पुढे ही कला मागे पडली. खालच्या पट्टीत सलग स्वर काढता यावेत म्हणून व्हिएन्नाच्या दरबारातला वादक आंटोन वाइडिंगर याने नळीला भोकं पाडून त्यांवर चाव्या बसवलेला ट्रंपेट वापरायला घेतला. त्याच्यासाठी हायडनने १७९६ मध्ये कॉन्चेर्टो लिहिला, आणि २८ मार्च १८०० रोजी वाइडिंगरने तो व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये लोकांपुढे वाजवला. आपण कार्यक्रमातून काढलात ती रचना ही. तिची सुरुवात नीट ऐका. ऑर्केस्ट्रा विषय मांडत असताना ट्रंपेट अधूनमधून चार सरळसोट स्वर टाकतो, जुन्या तुतारीसारखे. श्रोत्याला वाटावं, हे नेहमीचंच. मग एकल प्रवेश येतो आणि तोच ट्रंपेट खालच्या पट्टीत, स्वराला स्वर लावून, गाऊ लागतो. १८०० सालच्या श्रोत्याने ट्रंपेटकडून असं काही क्वचितच ऐकलं असेल. दुसरा भाग तर निव्वळ गायन आहे आणि तो मधेच अशा दूरच्या स्वरांत शिरतो, जिथे चाव्या नसलेल्या जुन्या ट्रंपेटचा पायच पडला नसता. व्हॉल्व्ह त्यानंतर आले, १८१४ ते १८१८ च्या सुमारास.

आता त्या माणसाबद्दल, ज्याने विसाव्या शतकात हे वाद्य पुन्हा एकल वादकाच्या जागी आणून बसवलं. मोरिस आंद्रे. जन्म २१ मे १९३३, दक्षिण फ्रान्समधलं आलेस, कोळसा खाणींचा मुलूख. वडील खाणकामगार आणि हौशी ट्रंपेटवादक. मुलगाही चौदाव्या वर्षी खाणीत उतरला. पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकायचं तर पैसे नव्हते, म्हणून तो लष्करी बँडमध्ये भरती झाला. त्या वाटेने फी न भरता शिकता येत होतं. तिथे रेमों साबारिश हे गुरू भेटले. १९५२ मध्ये कॉर्नेटचं आणि १९५३ मध्ये ट्रंपेटचं पहिलं पारितोषिक. पुढे लामुरो ऑर्केस्ट्रात नोकरी, १९५५ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, १९६३ मध्ये म्युनिकची. १९६७ पासून १९७८ पर्यंत त्याच कॉन्झर्वेटॉरमध्ये प्राध्यापक. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी बायोनमध्ये निधन झालं तेव्हा मागे शेकडो ध्वनिमुद्रणं होती आणि जगभरच्या ऑर्केस्ट्रांत बसलेले शिष्य.

पण या यादीने त्यांचं मोठेपण कळत नाही. ते कळतं पिकोलो ट्रंपेटने. नेहमीचा बी फ्लॅट ट्रंपेट उलगडला तर जवळपास दीड मीटर भरतो, पिकोलो त्याच्या निम्मा. लोकांना वाटतं, छोटं वाद्य घेतलं की उंच स्वर आपोआप निघतात. तसं नाही. उंच स्वर ओठच काढतात आणि ओठांना तेवढंच काम पडतं. फरक नेम धरण्यात आहे. जुन्या डी ट्रंपेटवर वरचा डी हा सोळावा उपस्वर. त्याचे शेजारी अर्ध्या स्वरावर, म्हणजे ओठ केसभर हलला तर भलताच स्वर वाजतो. ए मध्ये लावलेल्या पिकोलोवर तोच डी पहिला व्हॉल्व्ह दाबून सहाव्या उपस्वरावर येतो आणि शेजारचे उपस्वर कोमल गंधाराएवढ्या अंतरावर जातात. चुकायला जागा उरते, आणि म्हणून गायला मोकळीक मिळते. आंद्रेंनी पॅरिसच्या सेल्मर कंपनीबरोबर काम करून चार व्हॉल्व्हचा पिकोलो रुळवला. चौथा व्हॉल्व्ह सगळं वाद्य षड्ज-मध्यमाच्या अंतराने खाली नेतो आणि खालच्या पट्टीतली गाळलेली जागा भरून काढतो.

एवढं हाती आल्यावर त्यांनी ओबो, बासरी आणि व्हायोलिनसाठी लिहिलेले बरोक, म्हणजे बाखच्या काळातले, कॉन्चेर्टो ट्रंपेटवर घेतले. यावर आजही वाद आहे. व्हॉल्व्ह नसलेल्या जुन्या पद्धतीच्या ट्रंपेटवर वाजवणारे म्हणतात, हा त्या काळाचा आवाज नव्हे. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि तरीही आंद्रेंचं वादन आम्हाला मोलाचं वाटतं. त्यांचा स्वराचा आघात हलका असायचा, जिभेचा टोला जाणवायचा नाही, स्वर लागताक्षणी गोल भरायचा. ऑर्गनवादक मारी-क्लेर आलां यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रणं लावा आणि संथ भागात एक लांब स्वर कसा सुरू होतो, फुलतो आणि कोणताही धक्का न देता संपतो, तेवढंच ऐका. ट्रंपेट म्हणजे मोठा आवाज, हा समज तिथेच गळून पडेल.

दुसरी तक्रार ‘लिहिलेलं आहेच काय’ या प्रश्नाबद्दल. हायडन आहे, पंधरा मिनिटांचा. त्याला लागणारा ऑर्केस्ट्रा हायडनच्या सिंफनीला लागतो तोच : दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न, दोन ट्रंपेट, टिंपनी आणि तंतुवाद्यं. हुमेलचा कॉन्चेर्टो आहे, वाइडिंगरसाठीच लिहिलेला, १८०४ च्या पहिल्या दिवशी एस्टरहाझी दरबारात वाजलेला. मूळचा ई मध्ये, आज बहुतेक वेळा ई फ्लॅटमध्ये वाजतो. टेलेमान, तोरेल्ली, लिओपोल्ड मोत्सार्ट यांना तर तंतुवाद्यं आणि हार्पसिकॉर्ड पुरतो, फार झालं तर एकदोन फुंकवाद्यं. विसाव्या शतकातला तोमासीचा १९४८ चा कॉन्चेर्टो आहे, अरुत्युन्यानचा १९५० चा, जो तिमोफेई दोक्षित्सर यांनी जगभर पोचवला. बी. ए. झिमरमानचा १९५४ चा आहे. स्वीडनचे होकान हार्डेनबेर्गर यांच्यासाठी तर बर्टविसल, ग्रूबर, टर्नेज अशा रचनाकारांनी नवे कॉन्चेर्टो लिहिले. आणि पियानोवादक येणारच असेल तर शोस्ताकोविचचा १९३३ चा पहिला पियानो कॉन्चेर्टो घ्या. त्यात पियानो, तंतुवाद्यं आणि एकच ट्रंपेट, आणि तो ट्रंपेट शेवटच्या भागात जवळजवळ दुसरा नायक होतो.

नाताळच्या सुमारास आपल्याकडे हॅन्डेलच्या ‘मेसाया’तले भाग हौसेने गायले जातात. त्यातल्या बास गायकाच्या एका एकलगीतात ट्रंपेट त्याच्या खांद्याला खांदा लावून वाजतो. अनेकदा ते गीत गाळलं जातं, नाहीतर ट्रंपेटचं काम कीबोर्डवर उरकतात. शहरात वाजवणारं कुणीच नसतं तर आम्ही गप्प बसलो असतो. वाजवणारे आहेत, त्यांना कुणी विचारत नाही.

खर्चाचं कारणही पुढे केलं जातं, ते तर आम्हाला मुळीच पटत नाही. पियानोवादक आला की चांगला ग्रँड पियानो हवा, तो हलवायला माणसं हवीत, लावायला तंत्रज्ञ हवा. ट्रंपेटचा एकल वादक तीन-चार वाद्यं एका पेटीत घालून विमानात स्वतःबरोबर आणतो.

तिसरी तक्रार : कार्यक्रमात ट्रंपेट घेतलाच, तर त्याची व्यवस्था व्हायोलिनच्या मापाने होते आणि मग वादन पडलं की दोष वाद्याला. हे कुठे बिघडतं ते सविस्तर सांगतो, कारण यातलं काहीही महाग नाही.

माउथपीसच्या, म्हणजे ओठांना लावायच्या तोंडाच्या, कडेखाली ओठ दाबला जातो, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता आटतो. ताजा ओठ लगेच सावरतो, थकलेला सुजतो. सुजला की तो नीट कंप पावत नाही, वादक आणखी दाबतो, आणि दहा मिनिटांत वरची पट्टी बंद. म्हणून मैफलीच्या दिवशी दुपारी चारला संपूर्ण कॉन्चेर्टो दोनदा पूर्ण आवाजात वाजवून घेणं म्हणजे रात्रीची मैफल दुपारीच संपवणं. पूर्ण तालीम आदल्या दिवशी व्हावी. मैफलीच्या दिवशी सकाळी फक्त सुरुवाती, लय बदलण्याच्या जागा आणि शेवट तपासावेत, उंच जागा वादकाला एक सप्तक खाली वाजवू द्याव्यात. ऑर्केस्ट्राच्या चुका दुरुस्त करायच्या असतील तर एकल वादकाला बसवून त्या कराव्यात.

एकाच संध्याकाळी हायडन आणि त्याच्यापाठोपाठ ब्रांडेनबर्ग ठेवू नका. पिकोलोला हवा कमी लागते आणि प्रतिरोध जास्त असतो, माउथपीसही वेगळा. एकावरून दुसऱ्यावर लगेच उडी मारली की पहिली काही वाक्यं सुरात बसत नाहीत. मध्ये मध्यंतर हवं, निदान एक ऑर्केस्ट्राची रचना तरी हवी.

मग तापमान. फुंकवाद्याचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो : एका अंशाला सुमारे तीन सेंट, शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. बाहेर बत्तीस अंश आणि सभागृहात वातानुकूलनामुळे बावीस, तर हवेच्या हिशेबाने तीस सेंटचा फरक, अर्ध्या स्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. वादकाच्या श्वासाने नळी तापते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडतो, पण कानाला खटकायला तेवढा पुरतो. संथ भागाआधी वाद्य गार पडलं की पहिला स्वर उतरलेला लागतो. उपाय सोपा आहे : तालमीला आणि मैफलीला सभागृहाचं तापमान एकच ठेवा, ते मैफलीच्या तासभर आधीपासून स्थिर ठेवा, आणि वादकाला तयारीसाठी त्याच तापमानाची खोली द्या. आम्ही जिन्यात आणि सामानाच्या खोलीत वाद्य तापवणारे वादक पाहिले आहेत.

शेवटचं म्हणजे माईक. लहान सभागृहात ट्रंपेटसमोर माईक ठेवू नका. त्याचा सूर वाद्याच्या तोंडातून थेट पुढे जातो, तंतुवाद्यांचा सगळीकडे पसरतो. माईकने हा फरक वाढतो आणि मग ‘ट्रंपेट फार कर्कश’ असं परीक्षणात छापून येतं. स्वरलिपीचा स्टँड खाली ठेवा, नाहीतर अर्धा आवाज कागदावर आदळतो. हायडनला सहा पहिली आणि सहा दुसरी व्हायोलिनं, चार व्हायोला, तीन चेलो, दोन डबल बास एवढी तंतुवाद्यं पुरेशी आहेत.

चौथी तक्रार आम्हाला सगळ्यात जास्त लागते. आंद्रे खाणीतून आले आणि बँडच्या दारातून कॉन्झर्वेटॉरमध्ये शिरले. आपल्याकडे बँड आहेत, ते दार नाही.

ट्रंपेट इथे परका नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी हॉटेलांचे बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शावियेर व्हाझ हे ट्रंपेटवादकच होते आणि सी. रामचंद्रांच्या संगीताच्या मागे त्यांचा हात होता. पोलीस बँडमध्ये आणि लष्कराच्या बँडमध्ये स्वरलिपी वाचणारे ट्रंपेटवादक आजही आहेत. लष्कराच्या वादकांना पचमढीला रीतसर शिक्षण मिळतं. लग्नाच्या बँडमधली पोरं एकदा ऐकलेलं गाणं संध्याकाळी वाजवतात, तासन्‌तास उभ्याने आणि चालत वाजवतात. त्यांच्यापाशी कान आहे, स्मरण आहे, दम आहे. नाही ते असं : कागद वाचायला कुणी शिकवलेलं नाही, आणि रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करायला माउथपीस ओठांवर दाबायची सवय लागलेली. ती सवय वेळेत सुटली नाही तर चाळिशीच्या आत वरची पट्टी जाते.

ती सुटते. रोज वीस-वीस मिनिटांचे तुकडे, मध्ये तेवढीच विश्रांती. सुरुवातीला बोटं न हलवता फक्त ओठांनी एका उपस्वरावरून दुसऱ्यावर जाणं, हळू आवाजात. मग जिभेचं काम : एकेरी ‘तू’, दुहेरी ‘तू-कू’, तिहेरी ‘तू-तू-कू’, तालयंत्राबरोबर, आणि वेग वाढवायचा तो ‘कू’ हा ‘तू’एवढा स्वच्छ आल्यावरच. आर्बां यांचं १८६४ चं पुस्तक यासाठी आजही पुरतं. सहा महिन्यांत फरक दिसतो. पण त्यासाठी शिकवणारा हवा, आणि वाद्य हवं. बँडमध्ये वर्षानुवर्षं वापरलेल्या ट्रंपेटचे पिस्टन झिजून हवा गळत असते, दुसऱ्या व्हॉल्व्हची सरकनळी अडकलेली असते. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत माउथपीसच्या पुढची नळी आतून सडते, बाहेर गुलाबी ठिपके दिसू लागतात तोवर उशीर झालेला असतो. अशा वाद्यावर कुणीही सुरात वाजवू शकणार नाही, आंद्रेसुद्धा.

आणि आपल्या संस्थांचं प्रवेशाचं पहिलं पानच विचारतं : कोणत्या श्रेणीची परीक्षा उत्तीर्ण? बँडमधला मुलगा तिथूनच परत फिरतो.

म्हणून आमच्या मागण्या.

काढलेला हायडन येत्या हंगामातच परत घ्या. यापुढे दर हंगामात एक तरी ट्रंपेट कॉन्चेर्टो ठेवा, आणि फलकावर वादकाचं नाव व्हायोलिनवादकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापा.

कार्यक्रमपत्रिकेत कोणता ट्रंपेट वाजणार आहे आणि रचना मूळ ट्रंपेटसाठी आहे की दुसऱ्या वाद्यावरून घेतलेली, हे लिहा.

तालमीच्या, तापमानाच्या आणि माईकच्या वर सांगितलेल्या गोष्टी वादकाच्या करारात घाला.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ट्रंपेटवादकाकडून एक दिवस पोलीस, लष्कर आणि लग्नाच्या बँडमधल्या वादकांसाठी मागून घ्या. विनामूल्य, मराठी किंवा हिंदी दुभाष्यासह, आणि आषाढात. तेव्हा लग्नं फारशी नसतात आणि गणपतीची गडबड अजून सुरू झालेली नसते. लगीनसराईत बोलावलंत तर कुणी येणार नाही, आणि मग ‘प्रतिसाद नाही’ असा अहवाल लिहू नका.

शिकवणाऱ्या संस्थांनी मिळून एक वाद्यसंच विकत घ्यावा आणि तो उसना द्यावा : बी फ्लॅट चार, सी दोन, ई फ्लॅट एक, चार व्हॉल्व्हचा पिकोलो एक, त्यांचे माउथपीस, आणि वर्षातून दोनदा दुरुस्ती.

दरवर्षी दोन जागा कानावर प्रवेश देऊन भरा. ऐकवलेली चाल परत वाजवून दाखवणं, हीच परीक्षा. स्वरलिपी पहिल्या वर्षात शिकवा.

येत्या हंगामाची पत्रिका छापायला जाण्याआधी यातल्या प्रत्येक मागणीला लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारणासह द्या. ते उत्तर आम्ही या पत्रासारखंच उघडपणे सगळ्यांपुढे ठेवू.

आपले,
ट्रंपेट वाजवणारे, शिकवणारे आणि ऐकणारे